हिप्पी: शब्द कुठून आला, अर्थ काय, मराठीत कसा रुळला? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हिप्पी म्हणजे नेमकं कोण?

१९६५ नंतरच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेतली बरीच तरुण मुलंमुली ठरलेली वाट सोडून बाहेर पडली. शिक्षण, नोकरी, लग्न, घराचे हप्ते ही ती वाट. बहुतेक जण गोरे, खाऊनपिऊन सुखी घरांतले, दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेले. केस वाढवले, गळ्यात मण्यांच्या माळा घातल्या, एकत्र राहिले, गांजा आणि एलएसडी हे भास घडवणारं रसायन घेतलं, व्हिएतनाम युद्धाला आणि त्यासाठीच्या सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध केला. जग त्यांना हिप्पी म्हणू लागलं.

हा पक्ष नव्हता की पंथ नव्हता. वर्गणी नाही, सभासदाची पावती नाही. त्यामुळे हिप्पी कोण आणि नुसताच न्हाव्याकडे जायचा कंटाळा केलेला कोण, हे आतून ठरवणारं कुणी नव्हतंच. ठरवायचे ते बाहेरचे: वार्ताहर, पोलीस, शेजारी आणि आईबाप. शब्दाचा सगळा इतिहास तपासला तर हीच गोष्ट पुन्हा पुन्हा आडवी येते.

शब्दाचं मूळ काय?

‘हिप’ या बोलीतल्या विशेषणात. अर्थ साधारण असा: ज्याला आतली गोष्ट कळलेली आहे, जो काळाच्या पुढे आहे, ज्याला काही समजावून सांगावं लागत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ‘हिप’ आणि ‘हेप’ ही दोन्ही रूपं अमेरिकेत छापलेली सापडतात. पुढे जाझ वाजवणाऱ्या काळ्या संगीतकारांच्या आणि त्यांच्या चाहत्यांच्या बोलीत त्यांनी मूळ धरलं. बँडलीडर कॅब कॅलोवे यांनी १९३८ साली या बोलीचा छोटासा कोश काढला, त्यात ‘हेप कॅट’ आहे: ज्याला सगळं ठाऊक असतं असा गडी.

गंमत म्हणजे चाळिशीच्या दशकात ‘हेप’ जुनाट झालं. ‘मी हेप आहे’ असं म्हणणारा माणूस त्या शब्दानेच उघडा पडायचा, कारण खरे जाणकार तोवर ‘हिप’कडे सरकले होते. पुण्यामुंबईच्या कॉलेजांत दर पाच वर्षांनी असंच घडतं.

मग ‘हिप’ कुठून आला?

इथे ठाम उत्तर नाही आणि जो ठामपणे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. दोन कथा सगळीकडे फिरतात.

पहिली कथा अशी, की पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेत ‘हिपी’ असं क्रियापद आहे, अर्थ ‘डोळे उघडणं’, आणि गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ते अमेरिकेत पोहोचलं. डेव्हिड डाल्बी या भाषाभ्यासकाने ही मांडणी केली. ऐकायला फार सुरेख आहे, अर्थही चपखल बसतो. अडचण एवढीच, की गुलामगिरीच्या काळापासून १९००पर्यंत या शब्दाचा लेखी माग लागत नाही. मधली दीडदोनशे वर्षं कोरी. कोशकार जेसी शाइडलोअर यांनी याच मुद्द्यावर ही व्युत्पत्ती नाकारली आहे.

दुसरी कथा अफूच्या अड्ड्यांची: अफू ओढणारे कुशीवर, म्हणजे ‘हिप’वर, पडून असायचे, म्हणून त्यांना हिप म्हणत. हिला तर पहिलीइतकाही आधार नाही. नंतर जुळवलेली वाटते.

म्हणजे कंबरेच्या हिपशी संबंध नाही?

नाही. ‘हिप हिप हुर्रे’शीही नाही.

हिप्स्टर, बीटनिक आणि हिप्पी यांत फरक काय?

हे एकाच गल्लीतले तीन पिढ्यांचे भाडेकरू समजा.

हिप्स्टर पहिला, चाळिशीच्या दशकातला. जाझच्या नादी लागलेला, रात्रीचा प्राणी, कपड्यांत टापटीप. पियानोवादक हॅरी गिब्सन तर ‘हॅरी द हिप्स्टर’ याच नावाने ओळखला जायचा. (दाढी राखून महागडी कॉफी पिणारा २००० नंतरचा हिप्स्टर हा त्याच नावाचा दूरचा नातेवाईक.)

त्यानंतर बीट. कादंबरीकार जॅक केरुआक, कवी ॲलन गिन्सबर्ग आणि त्यांची मित्रमंडळी. थकलेले, पिचलेले, म्हणून ‘बीट’. केरुआकच्या मते त्यात धन्यतेचाही अर्थ होता. ४ ऑक्टोबर १९५७ला रशियाने स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह सोडला आणि सहाच महिन्यांत, एप्रिल १९५८मध्ये, ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’चा सदरलेखक हर्ब केन याने ‘बीट’ला स्पुटनिकचं शेपूट जोडून ‘बीटनिक’ केलं. चेष्टा होती आणि त्या काळात रशियन शेपूट म्हणजे थोडा संशयही. केरुआकला ते मुळीच रुचलं नाही. पण सदरलेखकाचा शब्द वाऱ्यासारखा पसरला.

हिप्पी हा तिसरा. बीट लोक काळे कपडे घालून तळघरातल्या कॅफेत जाझ आणि कविता ऐकत उदास बसायचे. हिप्पी रंगीबेरंगी कपड्यांत बागेत नाचायचे, त्यांचं संगीत रॉक. गिन्सबर्ग दोन्हीकडे सहज वावरला. केरुआकने मात्र १९६८ साली टीव्हीवरच्या चर्चेत या नव्या पोरांबद्दल नापसंती उघड केली. ज्याची पुस्तकं खिशात घालून ही पोरं घर सोडत होती, त्यालाच ती नकोशी झाली होती.

‘हिप्पी’ हे रूप पहिल्यांदा कुणी वापरलं?

‘पहिल्यांदा’ म्हणण्यापेक्षा टप्पे पाहू.

काळ्यांचे नेते माल्कम एक्स यांच्या १९६५ साली निघालेल्या आत्मचरित्रात चाळिशीच्या दशकातल्या हार्लेमचं, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीचं, वर्णन आहे. तिथे येणाऱ्या काही तरुण गोऱ्यांना काळे लोक ‘हिप्पी’ म्हणत. हे गोरे काळ्यांहूनही जास्त काळे असल्याचा आव आणायचे. म्हणजे शब्दात सुरुवातीपासूनच टोमणा आहे: हिप होऊ पाहणारा, पण पुरता न जमलेला. शेवटचं ‘-ई’ इंग्रजीत लाडाचं असतं तसंच हिणवण्याचंही असतं. मराठीत ‘-ट’ किंवा ‘-डा’ लागला की नावाचं जे होतं, तेच.

१९६३ साली फिलाडेल्फियाच्या ‘द ऑर्लन्स’ या गायकवृंदाचं ‘साउथ स्ट्रीट’ हे गाणं गाजलं. त्यातही हिप्पी आहेत, पण ते झकपक कपडे करून नाचायला निघालेले. जटा नाहीत, चिलीम नाही.

आज जो अर्थ आपण घेतो तो ५ सप्टेंबर १९६५ रोजी ‘सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर’मध्ये छापून आला. मायकल फॅलन या वार्ताहराने ‘ब्लू युनिकॉर्न’ नावाच्या कॉफीहाउसबद्दल लिहिलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच भागातली भाडी वाढल्यावर बीटनिक मंडळी हेट-ॲशबरी भागात सरकली होती, त्या नव्या वस्तीला त्याने हिप्पी म्हटलं. मग हर्ब केन यानेही १९६७ साली आपल्या सदरात हा शब्द इतका वापरला, की शहराबाहेरची वर्तमानपत्रंही तोच वापरू लागली. जुलै १९६७मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हिप्पी आले. त्यानंतर शब्द कुणाच्याच हातात राहिला नाही.

हे लोक स्वतःला हिप्पी म्हणवून घ्यायचे का?

फारसं नाही. आपसांत ‘फ्रीक’ किंवा ‘हेड’ म्हणायचे. ‘हिप्पी’ म्हणजे वर्तमानपत्रवाल्यांनी चिकटवलेली चिठ्ठी, असाच त्यांचा सूर होता. १९६७ साल पाहिलं की तो का होता हे समजतं.

त्या वर्षी १४ जानेवारीला गोल्डन गेट पार्कमध्ये ‘ह्यूमन बी-इन’ नावाचा मेळावा भरला. वीस-तीस हजार माणसं, गिन्सबर्गचं मंत्रपठण, एलएसडीचा प्रचार करणाऱ्या टिमथी लीरीचं भाषण. फोटो देशभर छापले गेले. एप्रिलमध्ये ग्रे लाइन या पर्यटन कंपनीने ‘हिप्पी हॉप’ नावाची बस सुरू केली. जाहिरातीचा आशय असा, की अमेरिकेच्या हद्दीत राहून परदेश पाहायचा असेल तर ही एकमेव सहल. काचेआडून कॅमेरे रोखलेले, आत मार्गदर्शक माईकवर सांगतोय: हा पाहा हिप्पी, ही त्यांची भाषा. रस्त्यावरच्या पोरांनी आरसे आणले आणि बसच्या बाजूने चालत काचांसमोर धरले. बघायला आलेल्यांना स्वतःची तोंडं दिसू लागली. ही सहल मे महिन्यातच गुंडाळली.

उन्हाळ्यात मात्र लोंढा आला. ‘समर ऑफ लव्ह’ म्हणतात तो हाच. साधारण लाखभर मुलं त्या इवल्याशा भागात उतरली. कित्येक जण शाळेतून पळून आलेली. राहायला जागा नाही, खायला नाही, गुप्तरोग आणि घातक ड्रग्जचा सुळसुळाट. ७ जूनला डेव्हिड स्मिथ या तरुण डॉक्टराने तिथे मोफत दवाखाना उघडला.

आणि ६ ऑक्टोबर १९६७ला त्याच रस्त्यावर हिप्पीची अंत्ययात्रा काढली. खरोखरची शवपेटी, आत माळा, केस, पत्रकं, सगळा हिप्पी सरंजाम. निमंत्रणाच्या मृत्युपत्रिकेत मृताची ओळख होती: हिप्पी, प्रसारमाध्यमांचा लाडका पुत्र. आता नव्या मुलांनी इकडे येऊ नये, आपापल्या गावी राहून काय करायचं ते करावं, हा निरोप होता. ‘फ्री मॅन’ हे नावही त्यांनी सुचवून पाहिलं. ते कुणी उचललं नाही. ज्याचं श्राद्ध घातलं ते नाव मात्र पुढच्या दोन वर्षांत जगभर गेलं.

हेट-ॲशबरीच का?

भाडी स्वस्त होती म्हणून. जुनी, प्रशस्त, लाकडी व्हिक्टोरियन घरं, पण भागावरून मोठा महामार्ग जाणार असल्याची टांगती तलवार. त्यामुळे कुणी पैसे घालेना. रहिवाशांनी लढून १९६६ साली तो महामार्ग रद्द करवला, पण तोवर मोठमोठ्या खोल्या विद्यार्थ्यांना आणि वादकांना परवडत होत्या. शेजारी बाग, जवळ कॉलेज. क्रांत्या अनेकदा घरभाड्याच्या दराने ठरतात.

सगळं गांजा आणि एलएसडीच होतं का?

खूप होतं. नाकारण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियात एलएसडी ६ ऑक्टोबर १९६६पर्यंत कायदेशीर होतं. (हिप्पीच्या अंत्ययात्रेची तारीखही ६ ऑक्टोबरच, बरोबर वर्षाने.) मनाची दारं उघडतात असं म्हणत सुरू झालेलं प्रकरण पुढे अनेकांना ॲम्फेटामिन आणि हेरॉइनपर्यंत घेऊन गेलं.

पण त्याच गल्लीत ‘डिगर्स’ हा गटही होता. नाव घेतलं १६४९च्या इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांचं, जे जमीन सगळ्यांची म्हणून पडीक रानात पेरणी करायला निघाले होते. सॅन फ्रान्सिस्कोचे डिगर्स बाजारात उरलेला भाजीपाला आणि मांस मागून आणत आणि रोज दुपारी बागेत रश्शाची मोठी पातेली लावत. जेवायला येणाऱ्याने आपलं भांडं आणायचं आणि एका भल्यामोठ्या लाकडी चौकटीतून पलीकडे जायचं, एवढीच अट. सगळं फुकट असलेलं दुकानही त्यांनी चालवलं. माझ्या मते हिप्पी काळातलं सर्वांत विचार करण्याजोगं काम हे आहे. पण ‘हिप्पी’ म्हटल्यावर रश्शाचं पातेलं कुणाला आठवत नाही.

फुलं आणि ते गोलातलं चिन्ह कुठून आलं?

युद्धविरोधी मोर्चात पोलिसांसमोर फुलं घेऊन उभं राहायची कल्पना गिन्सबर्गने १९६५ साली मांडली. ‘फ्लॉवर पॉवर’ तिथून. ऑक्टोबर १९६७मध्ये पेंटागॉनसमोर सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत फुलं खोचली गेली, ते फोटो प्रसिद्ध आहेत. गोलातलं चिन्ह हिप्प्यांचं नाहीच. जेराल्ड होल्टम या इंग्रज चित्रकाराने १९५८ साली अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी ते काढलं. निशाणांच्या संकेतलिपीतली एन आणि डी (न्यूक्लिअर डिसआर्मामेंट, म्हणजे अण्वस्त्रमुक्ती) ही अक्षरं एकमेकांवर ठेवलेली.

यिप्पी, यप्पी हेही यातलेच का?

यिप्पी राजकीय. ॲबी हॉफमन, जेरी रुबिन यांचा गट, १९६७च्या अगदी अखेरीस निघालेला. हिप्पी राजकारणाला कंटाळून दूर जायचा, यिप्पी राजकारणात घुसून गोंधळ घालायचा. यप्पी हा १९८०च्या आसपासचा: शहरी, तरुण, भरपूर पगाराचा. पुढे जेरी रुबिनच व्यवसायात शिरला, तेव्हा एकाच माणसावर दोन्ही शब्द बसले.

हिप्पी भारतात कसे आले?

रस्त्याने. इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, पेशावर, लाहोर, दिल्ली. तिथून कुणी काठमांडूला, कुणी गोव्याला. इस्तंबूलच्या ‘पुडिंग शॉप’मध्ये निरोपांचा फळा असायचा: अमुक गाडीत दोन जागा आहेत, अमक्याने तमक्याला काबूलमध्ये भेटावं. काठमांडूच्या झोछें टोलाचं नाव या पाहुण्यांमुळेच ‘फ्रीक स्ट्रीट’ पडलं. १९७३पर्यंत तिथे परवाना घेतलेल्या दुकानांत चरस मिळायचं. १९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि वाट बंद पडली.

त्यांच्याआधी बीट मंडळी येऊन गेली होती. गिन्सबर्ग १९६२-६३मध्ये भारतात होता, बनारस-कलकत्त्याबरोबर मुंबईतही. आपल्या लघुनियतकालिकांतल्या काही मंडळींशी त्याची गाठ पडली. १९६८ साली बीटल्स ऋषिकेशला महेश योगींकडे गेले आणि भारत हा शब्द पाश्चात्त्य पोरांच्या तोंडी आणखी रुळला.

गोव्यात काय झालं?

गोवा डिसेंबर १९६१मध्ये मुक्त झाला आणि काही वर्षांतच हे पाहुणे दिसू लागले. मुंबईहून पणजीला बोटीने यायचं आणि कळंगुट, बागा, हणजूण, वागातोर, पुढे हरमलपर्यंत पसरायचं. थंडी संपून उकाडा वाढला की मनाली-काठमांडूकडे. ‘एट फिंगर एडी’ हा आर्मेनियन वंशाचा अमेरिकन सुरुवातीच्या मंडळींपैकी एक. त्याच्या घरी कोणीही यावं, जेवावं. पैसे संपलेल्यांनी कॅमेरे, जीन्स, टेपरेकॉर्डर विकायला काढले, त्यातून हणजूणचा बुधवारचा बाजार उभा राहिला.

गावकऱ्यांचं नातं दुहेरी होतं. खोल्या भाड्याने जायच्या, किनाऱ्यावर खानावळी चालायच्या, मासळीबरोबर आणखी एक उत्पन्न आलं. उघडंनागडं फिरणं आणि ड्रग्ज यांवरून तक्रारीही सतत. त्यात मुंबई-बेळगावकडून गाड्या भरभरून ‘हिप्पी बघायला’ पुरुष येऊ लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या बसचीच ही आवृत्ती, फक्त कुणी आरसे धरले नाहीत. इथलेही पाहुणे स्वतःला फ्रीक म्हणायचे. हिप्पी म्हणायचे आपण.

मराठीत या शब्दाचा अर्थ बदलला का?

बराच. अमेरिकेत हिप्पी म्हणजे युद्धाला नकार देणारा. आपल्याकडे व्हिएतनाम दूर होतं, भरतीची सक्ती नव्हती. तो अर्थ गळून पडला आणि उरले केस, कपडे आणि चिलीम. ‘हिप्पीकट’ ही केशरचना झाली आणि कानावर केस आलेल्या प्रत्येक पोराला ‘काय रे, हिप्पी व्हायचंय?’ हे ऐकावं लागलं. तो पोरगा रोज आंघोळ करून, देवाला नमस्कार करून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत असला तरी.

१९७१च्या देव आनंद यांच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ने काठमांडूतले हिप्पी थिएटरात आणले. आशा भोसले यांच्या आवाजातलं ‘दम मारो दम’ गणपतीच्या मांडवापर्यंत पोहोचलं. हिप्पी म्हणजे नशेडी हे समीकरण त्यानंतर पक्कं झालं.

जटा आणि चिलीम आपल्याला नवी नव्हती, हेही लक्षात घ्या. नाशिक-त्र्यंबकेश्वरला कुंभमेळ्यात तेच रूप आपण हात जोडून पाहत आलो. गोसाव्याने सोडलेला संसार समजायचा. श्रीमंत देशातल्या, डॉलर असलेल्या घरातल्या पोराने तो सोडून वागातोरला झोपडीत राहावं, हे पचेना. टिंगलीत थोडा हेवाही होता, असं मला वाटतं.

इस्कॉनवाले, रजनीशांचे संन्यासी, ऑरोव्हिलवाले हेही हिप्पी का?

नाही, पण घोळ समजण्यासारखा आहे. इस्कॉनची स्थापना १९६६ची, न्यूयॉर्कमधली. सुरुवातीचे कित्येक शिष्य याच तरुणांतून आले, मात्र दीक्षेनंतर नशा, मांसाहार बंद आणि डोकं गुळगुळीत. रजनीशांचा आश्रम १९७४ साली पुण्यात कोरेगाव पार्कात आला आणि भगव्या कफन्यांतले परदेशी कॅम्पात सायकली भाड्याने घेऊन फिरू लागले; पुणेकर त्यांनाही सरसकट हिप्पी म्हणून मोकळे व्हायचे. गणेशपुरीला मुक्तानंदांकडेही असे पाहुणे असायचे. ऑरोव्हिल १९६८चं, त्याची पाळंमुळं अरविंद आश्रमात.

हिप्पी आज कुठे आहेत?

कोपनहेगनमधली क्रिस्तियानिया ही त्यांची वस्ती १९७१पासून आहे, अमेरिकेत टेनेसीतली ‘द फार्म’ ही वस्तीही त्याच वर्षीची. हेट स्ट्रीटवर आता टाय-डाय टीशर्टांची दुकानं आहेत. हरमलला संध्याकाळी ढोल वाजवणारे दिसतात, त्यातले बरेच जण रजा टाकून आलेले असतात. त्या काळातले खरे लोक सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांचे केस अजून लांबच आहेत.

मराठीत शब्द चालवायचा कसा?

माळी, तेली यांच्यासारखा: हिप्पी आला, हिप्प्याने सांगितलं, हिप्प्यांची वस्ती. ‘हिप्पींची’ असंही छापलेलं दिसतं, चूक म्हणता येणार नाही. बाईसाठी गोव्याकडे-कोकणात कुणी ‘हिप्पीण’ म्हणतात. बोलताना ठीक आहे, लिहिताना ‘हिप्पी बाई’ किंवा ‘हिप्पी मुलगी’ बरं.